किटल्यांच्या नाक्यावर भेटलेल्या काकूंना

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात, "काकू म्हण, पुरे." पत्ता नाही, फोन नाही. तुमच्या गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो तेवढा माझ्याकडे आहे, तोही तुम्हीच काढायला लावलात. त्यावरून तुमचा माग काढायचा आगाऊपणा मी करणार नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. तुमच्यापर्यंत पोहोचलं तर उत्तमच. नाहीतर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत "चला, कॅलिफोर्नियातलं डेथ व्हॅलीचं वाळवंट करून येऊ" म्हणत निघालेल्या माझ्यासारख्याच एखाद्या शहाण्याच्या हाती लागेल.

शहाणपणाचा हिशेब आधी मांडतो. आमची गाडी भाड्याची. दिसायला दांडगी, पण टायर शहरातले. कच्च्या रस्त्यावर नेऊ नये असं करारावर छापलेलं होतं. सही करताना ते वाचलं नाही आणि नंतर वाचलं तेव्हा डोळेझाक केली. रेसट्रॅक नावाच्या सुकलेल्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला उंच गाडी, दणकट टायर आणि पूर्ण मापाची स्टेपनी लागते, असं डेथ व्हॅली नॅशनल पार्कवाले कानीकपाळी ओरडून सांगतात. युबीहीबी विवरापाशी डांबर संपतं आणि पुढे 27 मैल कच्चा रस्ता. 27 मैल म्हणजे पाऊण तास, असं माझं गणित. त्यात आम्ही अकोल्याचे. पंचेचाळीस डिग्रीत क्रिकेट खेळलेले. वाळवंटाचं आम्हाला काय कौतुक!

बाबांसाठी निघालो होतो, एवढं मात्र खरं. बाबा भूगोलाचे मास्तर. रेसट्रॅक प्लायावरचे आपोआप सरकणारे दगड पाठ्यपुस्तकात नव्हते, पण दर वर्षी पावसाळ्यात, वर्गात अंधारून आलं की ते पोरांना सांगायचे. अमेरिकेत एक सुकलेला तलाव आहे, त्यात दगड चालतात, मागे चाकोरी उमटते आणि चालताना कुणी पाहिलेलं नाही. मीही त्या वर्गात बसलोय. व्हिसा आला त्या दिवशी बाबांनी फोनवर आधी काय विचारलं असेल, तर "ते दगड तुझ्या घरापासून किती लांब?"

रस्ता म्हणजे आडवा अंथरलेला पन्हळी पत्रा. पहिल्या दोन मैलांत चिवड्याचा डबा उघडून सगळा चिवडा सीटखाली. पुढे चढावर ती जोशुआची झाडं लागली. बाबा म्हणाले, हे निवडुंग नव्हे, आपल्या घायपाताच्या नात्यातलं आहे. मी मान वळवून बघतो न बघतो तोच मागून "फस्स" झालं. डाव्या मागच्या टायरची साइडवॉल चार बोटं फाटली होती. त्या रस्त्यावरचे दगड दिसायला साधेच, पण कडा विळीच्या पात्यासारख्या. फोनला रेंज नाही. रडतखडत टीकेटल जंक्शनपर्यंत आलो आणि पाटीवर लटकलेल्या त्या पन्नास किटल्यांसमोर उभे राहून बायको आणि मी कचाकचा भांडायला लागलो.

तेवढ्यात धुरळा उडवत तुमचा जुना पिकअप आला. काच खाली झाली, टोपीखालून अंबाडा दिसला आणि तुम्ही अस्सल मराठीत म्हणालात, "आधी स्टेपनी काढ. मग भांडा."

काकू, त्या वाक्यावर आमच्या घरी आता हक्क सांगितला जातो. पोळी करपली तरी बायको म्हणते, "आधी स्टेपनी काढ."

मी जॅक लावला तर तो खडीत रुतून तिरका झाला. तुम्ही काही न बोलता मागून एक फळी आणलीत. हातभर लांब, तेलाने काळी पडलेली, कडेला मार्करने देवनागरीत लिहिलेलं: "मोटारीखाली". आम्ही सगळे गाडी म्हणतो, तुम्ही मोटार म्हणता. चाळीस वर्षांपूर्वीचं मराठी तुम्ही जसंच्या तसं सोबत नेलंय, असं बाबा नंतर म्हणाले. मग तुम्ही पुढच्या चाकांना दगड लावले, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायला लावलेत, आणि माझा जोर पुरेना तेव्हा "पान्यावर उभा राहा" म्हणालात. मी, वजन ब्याऐंशी किलो, पान्यावर उभा. बायको फोटो काढतेय. निघालेली स्टेपनी पाहून तुम्ही नुसतं "हं" केलंत. ते तात्पुरतं बारकं चाक, स्कूटरला शोभलं असतं.

"पाणी किती आहे?"
अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्या.
"कुठे जाताय हे कुणाला सांगून निघालात?"
नाही.

त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

मग म्हणालात, "आता इथूनच मागे फीर." मला रागच आला. रेसट्रॅक फक्त सहा मैल उरला होता. वडील अकोल्याहून आलेत, पुन्हा येणं होईल न होईल, असं सगळं बोलून घेतलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि बोटांवर हिशेब केलात. "सहा मैल पुढे, मग सव्वीस मैल मागे. या चाकावर. आणखी एक फाटलं तर तिसरं आहे? टो ट्रक इथपर्यंत यायला हजाराच्या वर डॉलर घेतो, आणि त्याला बोलवायला फोन कुठून करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा लांब उभे राहून घड्याळाला किल्ली देत होते. त्यांच्या एचएमटीला किल्ली दिवसातून एकदाच लागते. दुसऱ्यांदा देतात तेव्हा ते रागावलेले असतात.

किटल्यांच्या पाटीखाली बसून तुमच्या थर्मासमधला आल्याचा चहा प्यायलो. लोक या किटल्यांवर निरोप लिहून टांगून जातात हे तुम्ही सांगितलंत. बाबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "किटलीचा नाका. नाव बरं आहे." तुम्ही हसलात आणि विचारलंत, "मास्तर, दगड बघायचेत ना? माझ्याकडे एक जागा आहे."

एकच जागा होती, कारण मागे पाण्याचे कॅन, तंबू आणि पूर्ण मापाची दोन चाकं. बायकोने मला बाजूला ओढलं. "अनोळखी बाईबरोबर? बाबांना?" बाबांनी ऐकलं. "मी काय लहान पोर आहे?" आणि जाऊन बसलेसुद्धा. तेव्हा तुम्ही मला नंबर प्लेटचा फोटो काढायला लावलात, वेळ लिहून घ्यायला लावलीत, साडेतीनपर्यंत विवरापाशी आलो नाही तर रेंजरला सांग म्हणालात. निघताना ती फळी आमच्या डिकीत टाकलीत. वाटेत लागली तर असू दे.

वीस मैल परतायला आम्हाला दोन तासांवर लागले. ताशी दहा मैल. एवढ्या सावकाश त्या दरीत मी एरवी कधी गेलो नसतो, हेही खरं. येताना करडा वाटलेला डोंगर जाताना तांबूस, पिवळा, मध्येच हिरवट दिसत होता.

मग युबीहीबीच्या काठावर वाट बघणं. ज्वालामुखीच्या स्फोटाने झालेलं ते विवर अर्धा मैल रुंद आणि सहाशे फूट खोल. काठावर वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे "आईंना काय सांगायचं?" हा प्रश्न बायकोने मला गाडीच्या काचा वर करून विचारला. नोव्हेंबर अखेरीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तीन वाजून वीस मिनिटांनी धुरळ्याची रेघ दिसली.

बाबा उतरले. पँट गुडघ्यांपासून खाली पांढरी, शर्टाची छातीही पांढरी. मला वाटलं पडले. तुम्ही म्हणालात, "पडले नाहीत. आडवे झाले."

पुढचं सगळं मी बाबांकडूनच ऐकलं, अजूनही ऐकतोय. तळ इतका सपाट की मेमध्ये काटेपूर्णा धरणाचा गाळ भेगाळतो तसा, फक्त कुणीतरी रंधा मारून घेतल्यासारखा. दगड दक्षिणेच्या टोकाला. एकाची चाकोरी सरळ जाऊन काटकोनात वळलेली. बाबा तिच्याशेजारी पोटावर झोपले आणि जमिनीला डोळा लावून बघत बसले. चाकोरीच्या दोन्ही कडांना चिखलाचा बारीक बांध होता म्हणे, नांगराच्या तासासारखा. त्यांनी दगडाला हात लावला नाही. "ते चालतायत ना, मध्ये कशाला?"

आणि तिथे, काकू, तुम्ही त्यांना सांगितलंत. बाबा वर्गात सांगायचे की चिखल निसरडा झाला की वादळी वारा दगड ढकलतो. तसं नव्हतं. रिचर्ड नॉरिस आणि जेम्स नॉरिस या चुलतभावांनी जीपीएस बसवलेले दगड तिथे ठेवले. तिथल्या दगडांना भोकं पाडायची परवानगी पार्कने दिली नाही, म्हणून तसेच दगड बाहेरून आणले. डिसेंबर 2013 मध्ये ते दोघे समोर असतानाच दगड चालले. तलावात बोटभर पाणी साचतं, रात्री त्यावर काचेसारखा बर्फ धरतो, तीन ते सहा मिलिमीटर जाड. सकाळच्या उन्हाने तो फुटतो, त्याचे मोठाले पापुद्रे साध्या झुळकेने सरकतात आणि दगडांना पुढे रेटतात. मिनिटाला दोन ते पाच मीटर. एवढं सावकाश की लांबून बघणाऱ्याला कळणारही नाही. 2014 मध्ये ते छापून आलं. बाबा तोवर निवृत्त झाले होते.

गाडीत बसल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीस वर्षं पोरांना चुकीचं सांगितलं." पण आवाजात खंत नव्हती. नवीन वही मिळालेल्या पोराचा आवाज होता तो. अकोल्याला गेल्यावर त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुरुस्ती टाकली: "पूर्वी सांगितलेले कारण रद्द समजावे. बर्फ."

आमच्याकडे अकरा ठिकाणांची यादी होती. तुम्ही नकाशाच्या मागे दोनच नावं लिहून दिलीत. पहिलं काम टायर, त्यात शनिवारचा अर्धा दिवस पार्काबाहेर गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं फक्त बिल आहे. मग तुम्ही लिहिल्याप्रमाणे संध्याकाळी बॅडवॉटर, दरीच्या तळाचं मिठाचं मैदान. लोक मिठाच्या वाटेने शंभर पावलं जातात, सेल्फी काढतात आणि फिरतात. तुम्ही लिहिलं होतं, "गर्दी संपेपर्यंत चाला, मग मागे वळून कड्यावर बघा." वळलो. कड्यावर खूप उंच एक इवलीशी पांढरी पाटी: समुद्रसपाटी. आम्ही तिच्याखाली 282 फूट, म्हणजे 86 मीटर. समोर पश्चिमेला टेलिस्कोप पीक, 3,368 मीटर. बाबांनी एका हाताने खाली, एका हाताने वर दाखवलं आणि दोन्ही हात तसेच धरून उभे राहिले, फळ्यावर आकृती काढताना राहायचे तसे.

दुसरं नाव ठिकाणाचं नव्हतंच, तिथल्या मूळ रहिवासी जमातीचं होतं. "फर्नेस क्रीकला टिंबिशा शोशोनींची वस्ती आहे. ते त्यांचं घर आहे, तेवढं लक्षात ठेवून फिरा." 1849 मध्ये सोन्याच्या मागे निघालेले लोक वाट चुकून इथे अडकले आणि जाताना दरीला मृत्यूचं नाव ठेवून गेले. जे पिढ्यान्‌पिढ्या इथेच जगत होते त्यांना ते नाव कसं वाटत असेल, हे आमच्या यादीत नव्हतं. त्यांच्या जमिनीचा थोडा भाग कायद्याने त्यांच्याकडे परत आला तो 2000 मध्ये. बाबांनी तुमची ती ओळ वहीत उतरवून घेतली आणि वस्तीच्या बाजूला कॅमेरा काढू दिला नाही.

मी ते दगड पाहिलेले नाहीत, काकू. सहा मैलांवरून परतलो. पहिले दोन दिवस त्याची रुखरुख होती. आता बाबांच्या शर्टाचा तो फोटो बघतो, छातीवर पांढरा तलाव घेऊन उभे असलेले, आणि सांगायचं काय ते सुचत नाही. आभार. मनापासून.

आणि एक राहिलंच. त्या दिवशी विवरापाशी तुम्ही दोघं सुखरूप आलात या आनंदात फळी परत द्यायची विसरलो. घरी पोहोचून डिकी उघडली तेव्हा सापडली, सीटखालून आलेल्या चिवड्यासकट. ती पुसून गॅरेजमध्ये ठेवली आहे. येत्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या शुक्रवारी, सकाळी अकराला, मी ती घेऊन किटल्यांच्या नाक्यावर थांबेन. गाडी मित्राची आहे, टायर जाड आहेत, पूर्ण मापाची स्टेपनी आहे आणि या वेळी घरी सांगून निघणार आहे. चहा मी आणतो.

दर रविवारी फोनवर बाबा तब्येत नंतर विचारतात. आधी विचारतात, "बाईंची फळी दिलीस का?"

तुमचा,
पान्यावर उभा राहिलेला