गृहीतक धरता येतं, पण सिद्धता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘बुद्धी थकते तिथे श्रद्धा सुरू होते’ असं सांगणारा लेख वाचला. त्यातलं अर्धं मला मान्य आहे. जगायचं कशासाठी, याचं उत्तर निव्वळ तर्कातून निघत नाही. पण या अर्ध्या सत्याच्या आडून घरात काय काय शिरतं, त्याबद्दल लिहायचं आहे.

मी कराडला शाळेत गणित शिकवत असे. भूमितीत मुलं आधी ‘पक्ष’ लिहितात, मग ‘साध्य’, मग ‘सिद्धता’, आणि सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपुढे कारण. कारण नसेल तर मी गुण कापायची. वर्गात कुणीतरी हमखास विचारायचं, “बाई, दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे का नाही सिद्ध करायचं?” कारण ते गृहीतक आहे. सुरुवात कुठून तरी करावीच लागते. युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक सिद्ध करण्यात भल्याभल्यांची दोन हजार वर्षं गेली. शेवटी १९व्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई या गणितज्ञांनी ते बदलून वेगळीच भूमिती उभी केली, आणि तीही तर्काला तितकीच पक्की निघाली.

आमच्या कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. (आता टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, असो.) महाराष्ट्रातल्या बुद्धिवाद्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीतलं. घरची गरिबी अशी की कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुवून दिवसा घालायचे, असं सांगतात. त्यांनी आईला कळवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी परहितासाठी घालवणार आहे. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचलेल्या या माणसाने हे कुठल्या प्रमेयावरून काढलं? हिशेबच मांडायचा तर सरकारी नोकरी धरणं जास्त सयुक्तिक होतं. माझ्या मते ते त्यांचं गृहीतक होतं. पण एकदा धरल्यावर पुढची ओळ त्यांनी कारणाशिवाय लिहिली नाही. बालविवाह असो की विधवांचं केशवपन, १८८८ पासून ‘सुधारक’ या आपल्या साप्ताहिकात युक्तिवाद करत राहिले. पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी हटले नाहीत. १८९५ मध्ये गेले, चाळिशीही गाठली नव्हती.

आता घरचं. माझे यजमान हृदयविकाराने अचानक गेले. कारण डॉक्टरांनी नीट समजावलं. यापुढे मी सकाळी कशासाठी उठायचं, ते त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतंच. दिवसकार्य आटोपल्यावर एक नातेवाईक म्हणाले, “काकू, सगळ्याच गोष्टी बुद्धीला कळत नाहीत.” मी मान डोलावली. लगेच पुढे, “तुमची मोरी आग्नेयेला आहे, ती पाडून घ्या. शांतही करावी लागेल, गुरुजी माझ्या ओळखीचे आहेत.” जी गोष्ट कुणालाच कळत नाही, तिच्यातून मोरीची दिशा, मुहूर्त आणि दक्षिणेचा आकडा इतका बिनचूक कसा निघाला? पेपरात कुणी असं लिहिलं असतं तर मी सरळ शून्य दिलं असतं.

नामस्मरण करणाऱ्या माझ्या शेजारणीशी माझा वाद नाही. तिनेही काहीतरी धरलंय, मीही धरलंय, आणि ते आपापल्यापुरतं आहे. तिने मला कधी मोरी पाडायला सांगितली नाही.

तर्क कुठे थांबतो ते लेखकमहोदयांनी छान लिहिलं. तो थांबल्यावर जो कुणी बोलू लागतो, त्याच्याकडे कारण मागायचं की नाही, तेही पुढच्या लेखात लिहावं. आणि तो लेख छापाल तेव्हा निदान त्याच पानावर वास्तुतज्ज्ञाची जाहिरात घेऊ नका, एवढी आपल्याला विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, कराड