मनूच्या घराचे पडदे

सांगली, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

साताऱ्याच्या घराचे फोटो पाहिले. हॉलच्या खिडकीतून अजिंक्यतारा किल्ला दिसतो म्हटल्यावर तुझी आई फोन घेऊन शेजारी दाखवायलाच गेली. पण तू मागवलेले तयार पडदे परत करता येत असतील तर कर. खिडकी पाच फुटांची आणि पडदे चार-चार फुटांचे दोन, त्यामुळे ओढल्यावर चुण्या कमी पडतात. पडद्याला भरपूर चुण्या हव्यात. शोभा त्यांचीच, आणि ऊन अडवायचं कामही निम्मं त्याच करतात.

आता घाई करू नकोस. आठ दिवस नुसतं ऊन बघ. कुठल्या खिडकीतून किती वाजता येतं, कुठवर येतं, ते कॅलेंडरवर लिहून ठेव. गिऱ्हाइकाच्या घरी मी कापडाचे नमुने नंतर काढायचो, आधी दिशा विचारायचो. तुझा हॉल दक्षिणेला आहे. साताऱ्यात मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे जुलै संपेपर्यंत दुपारी उत्तरेच्या बाजूनेच जातो, म्हणजे त्या दिवसांत या खिडकीला ऊन जवळजवळ नाहीच. थंडीत मात्र ते खाली उतरून खोलीभर येईल, आणि तेव्हा ते हवंच असतं. तिथे पातळ सुती कापड लाव आणि रॉड दोन्ही बाजूंना इतका लांब घे की पडदे पूर्ण भिंतीवर सरकतील. किल्ला झाकू नकोस, बाळा.

झोपायची खोली पश्चिमेला, यवतेश्वराच्या डोंगराच्या अंगाला. तिथे चार वाजल्यापासून झळ आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर ओल. तिथे जाड सुती आणि आतून पांढरं अस्तर. अस्तराला खर्च येतो म्हणून लोक ते टाळतात, आणि दोन उन्हाळ्यांत पडदा विटला की रंगाला नावं ठेवतात. ऊन अस्तराने खायचं असतं, म्हणजे पडदा टिकतो.

तुला आठवतं का, गावभागातल्या घरी तू दहावीला होतीस तेव्हा आजीला उजेडात झोप लागायची नाही आणि तुला रात्री बारापर्यंत दिवा हवा असायचा. मधे दार नव्हतं. मी आईच्या जुन्या साडीचा पडदा केला, तरी उजेड झिरपायचा. मग त्याच्या मागे काळं अस्तर घातलं आणि रॉड चौकटीच्या वर सहा इंच चढवला, कारण उजेड कापडातून येतो त्याहून जास्त वरच्या फटीतून येतो. आजी त्या रात्री गाढ झोपली. तेवढं समाधान मला दुसऱ्या कुठल्या पडद्याने दिलं नाही.

हिशेब असा. खिडकी पाच फूट, रॉड दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त, म्हणजे सहा फूट. कापड त्याच्या दुप्पट, बारा फूट. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी; 48 इंची पन्ह्याचे तीन पन्हे, एका पडद्याला दीड. अर्धा पन्हा भिंतीकडच्या बाजूला जोडायचा, म्हणजे शिवण चुणीत लपते. उंची रॉडपासून खिडकीच्या खाली सहा इंचांपर्यंत धर आणि वरच्या-खालच्या दुमडीचे दहा इंच मिळव. तुझ्या खिडकीला सहा मीटर लागेल. सुती कापड आटतं, म्हणून अर्धा मीटर वर घे आणि शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजव. प्रत्येक पडद्याच्या कापडात बसवायच्या रिंगा सम संख्येत हव्यात, नाहीतर पडद्याची एक कड खोलीकडे बाहेर येते. सहा फुटांच्या रॉडला मधे तिसरा ब्रॅकेट लावून घे, नाहीतर तो वजनाने वाकेल. खिडकीवर काँक्रीटची तुळई असते, साध्या ड्रिलने भोक पडत नाही, हे माणसाला आधीच सांग. स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या खिडकीला पडदा नकोच.

धुण्याचं मी 2019 च्या पुरात शिकलो. इथे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. दुकानाच्या माळ्यावर लोकांचे शिवून तयार पडदे होते, तेही भिजले. पहिले दोन मी घाबरून गरम पाण्यात साबण घालून धुतले आणि गाळाचे डाग कायमचे बसले. मग बाकीचे तारेवर वाळवले, झटकले, आणि पाणी नितळ येईपर्यंत नुसत्या गार पाण्यातून काढले. साबण शेवटी. सुती पडदे जवळजवळ सगळे वाचले. ज्यांचे वाचले नाहीत त्यांना मी नवे शिवून दिले, ते तू पाहिलंच आहेस.

तुझ्याकडे पूर नाही, पण ओल आहे. मृग लागण्याआधी एकदा धू आणि दसऱ्याच्या आवराआवरीत एकदा. मधे पावसात धुवायला काढलेस तर वाळणार नाहीत आणि कुबट वास धरतील. पिळू नकोस, सावलीत निथळू दे, आणि थोडे दमट असतानाच रॉडवर चढव. वजनाने सुरकुत्या आपोआप उतरतात, इस्त्री लागत नाही. चढवताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे कर, म्हणजे ऊन दोघांना सारखं लागेल. उघडीप मिळाली की पडदे बाजूला सारून भिंतीला वारा लागू दे. बुरशी कापडाच्या आधी भिंतीला धरते.

रुंदीचं माप वर, मधे आणि खाली असं तीनदा घे, खिडक्या क्वचितच काटकोनात असतात. तिन्ही आकडे लिहून पाठव. लोखंडी टेप वापर, कापडी टेप ताणते. पश्चिमेच्या खोलीचं अस्तर मी कालच आणलंय, घरी भिजत घातलंय. रंग तू निवड. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो, आई भडंग आणि लसणीची चटणी देणार आहे.

तुझे
अण्णा