वीस गुणांचा शेरा आणि फिटरची अट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीला गणित आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी मुलाला पास करावं, हा विषय ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातून बाहेर आला. चार दिवस गाजला आणि विधानसभा निवडणुकीच्या धुरळ्यात दिसेनासा झाला. अभ्यासक्रम मात्र बदलायला लागला आहे. २०२५-२६ ला पहिलीपासून सुरुवात झाली आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे दहावीची पाळी २०२८-२९ ला येते. तेव्हा ओरडून उपयोग नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे.

मी आयटीआयचा निवृत्त शिल्पनिदेशक. टर्नर (लेथवर धातू घडवणारे) आणि फिटर (यंत्राचे भाग घासून-जुळवून बसवणारे) होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवण्यात नोकरी गेली. आमच्याकडे प्रात्यक्षिकाबरोबर ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स’ असा विषय असतो, तोही माझ्याकडे असायचा. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, पेठ, सिन्नरकडून येणारी, दहावीला गणितात चाळिशीच्या आसपास अडकलेली मुलं हाच माझा वर्ग. नव्वदवाली कुठे जातात ते कॉलेज रोडवरच्या क्लासच्या पाट्यांवर फोटोसकट लागलेलं असतं. पस्तीसच्या अलीकडे-पलीकडे असलेल्यांचा फोटो कुणी लावत नाही, आणि हा प्रस्ताव तर त्यांच्यासाठीच आहे.

प्रस्ताव नीट वाचला पाहिजे. वीस ते चौतीस गुण मिळाले तर मूल उत्तीर्ण, पण गुणपत्रिकेवर शेरा येणार की याला पुढे गणित किंवा विज्ञानाचं शिक्षण घेता येणार नाही. शेरा नको असेल तर पुरवणी परीक्षेला किंवा पुढच्या वर्षी परत बसायचं. टीव्हीवर सगळा वाद झाला तो ‘वीस गुणांत पास’ यावर. गुणवत्तेचं वाटोळं झालं, असं एकानं म्हणायचं आणि गरिबाची पोरं सुटली, असं दुसऱ्यानं. शेऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. मला त्या शेऱ्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी हे सांगतो की मी पस्तीसचा भक्त नाही. ती रेघ आजही दिसते तेवढी सरळ नाही. गणित आणि विज्ञान मिळून सत्तर होत असतील आणि दोन्हींत किमान पंचवीस असतील तर मूल पास होतं. २०१५ पासून निकालानंतर लगेच फेरपरीक्षा होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. एवढं सगळं असूनही गणितावाचून घरी बसलेली मुलं, विशेषतः मुली, मी पाहिल्या आहेत. सुरगाण्याकडची एक मुलगी आमच्या संस्थेत शिवणकामाच्या ट्रेडला, म्हणजे अभ्यासक्रमाला, आली होती, त्याला आठवी पास चालतं. दहावीला बाकी सगळे विषय सुटले होते, एकटं गणित राहिलं होतं आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती. तिचं ब्लाउजचं कटिंग बघायला मी मुद्दाम जायचो. छातीच्या मापाचा चौथा हिस्सा, त्यात दीड इंच, वरून शिलाईमार्जिन, हे सगळं कागद न घेता. साडेचौतीसचा चौथा हिस्सा तोंडी काढणाऱ्या मुलीला बोर्डाच्या लेखी गणित येत नव्हतं. अशा मुलीला कला शाखेत जाऊ द्यायला वीस गुण पुरत असतील तर माझी काडीची हरकत नाही.

पण तोच नियम टर्नरच्या पोराला लावून बघा.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन या ट्रेडला प्रवेशाची अट आहे: गणित आणि विज्ञान विषयांसह दहावी उत्तीर्ण. ही अट राज्य मंडळाची नाही, केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची आहे. आता बावीस गुण आणि शेरा घेऊन एखादा मुलगा फिटरचा अर्ज भरायला आला तर तो उत्तीर्ण धरायचा का? गुणपत्रिका म्हणते हो. शेरा म्हणतो, गणित-विज्ञान पुढे नाही. आणि आमच्या ट्रेडमध्ये तर दोन वर्षं दुसरं काय असतं? खिडकीवरच्या कारकुनाने कुठली ओळ वाचायची? वेल्डर, वायरमन, प्लंबरला आठवी पुरते, ते सुटतील. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांना मागणी असते ते ट्रेड नेमके या अटीचे आहेत. कला शाखेच्या मुलांना दिलासा द्यायला निघालेला नियम कारागिराच्या मुलाचा पाय अडकवणार नाही ना, याचं लेखी उत्तर कुठेतरी असायला हवं.

शेरा टाकून समजा प्रवेश दिलाच, तर वर्गात काय होतं तेही सांगतो. पन्नास मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा रॉड लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, लावला. हायस्पीड स्टीलचं टूल आहे, कटिंग स्पीड मिनिटाला पंचवीस मीटर धरला. लेथ मिनिटाला किती फेऱ्यांवर चालवायचा? पंचवीसला हजाराने गुणा, तीन पॉइंट चौदा गुणिले पन्नासने भागा. उत्तर येतं साधारण १५९. दशांशचिन्हाची गडबड झाली की वहीत १५९० लिहिलेलं असतं, आणि गिअर त्या हिशोबाने टाकला की टूलचं टोक निळं पडून जळतं. वहीतल्या चुकीचा अर्धा गुण जातो. इथे टूल जातं, जॉब जातो आणि मुलाचा डोळा वाचला तर नशीब. बारीक माप घ्यायच्या व्हर्नियरचं तसंच. एकोणपन्नास मिलिमीटरचे पन्नास भाग, म्हणून लघुतम माप ०.०२. हे का, ते कळायला वजाबाकी आणि दशांश एवढंच लागतं. वर्गातल्या निम्म्या मुलांना ०.२ आणि ०.०२ यांतला फरक हाताला कळत नाही. सुताराच्या पोराला एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे पाठ असतं, त्याला फक्त हे पॉइंट कुठे बसतात ते दाखवावं लागतं. तो चटकन शिकतो.

याच मुलांनी दहावीला त्रिकोणमिती केलेली असते. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर एक, हे घडाघडा सांगतील. पण टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळता होणारा आकार, काढायचा आहे, मोठा व्यास चाळीस, लहान तीस, लांबी साठ, तर टूल धरणारी कंपाउंड स्लाइड किती अंशांत फिरवायची? दहा भागिले एकशेवीस, टॅनच्या तक्त्यात बघा, चार अंश शेहेचाळीस मिनिटं. ‘सर, हे टॅन म्हणजे तेच का?’ असं मला दरवर्षी कुणीतरी विचारायचं. तेच बाबा. महत्त्वमापनात शंकूछेदाचं घनफळ काढलं होतंस ना, तो शंकूछेदसुद्धा हाच, तुझ्या हातातला.

म्हणजे दहावीचं पुस्तक वाईट आहे असं अजिबात नाही. अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटी आहे, शेअर आहेत. महत्त्वमापन आहे, सांख्यिकी आहे. अडचण अशी की वर्गसमीकरण आणि अंकगणिती श्रेढीच्या ओझ्याखाली दबलेलं मूल तिथपर्यंत पोचतच नाही. पास व्हायला गुण हवेत म्हणून ते भौमितिक रचना आणि दोन सिद्धता पाठ करतं. वीसची रेघ आली की एवढंही पाठ करावं लागणार नाही. त्याच पुस्तकाचा पाचवा हिस्सा, तोही कुठला ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही, घेऊन ते बाहेर पडेल. पालकांना वाटेल गणित सुटलं.

मला आठवतं ते सामान्य गणित. नववीचा अभ्यासक्रम २०१७ ला बदलला तेव्हा ते गेलं आणि पुढच्या वर्षी दहावीतूनही गेलं. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ होते, ‘ढ मुलांचं गणित’ म्हणायचे. पण त्यात एक गोष्ट चोख होती. मूल काय शिकणार हे आधी ठरायचं, मग ते तेवढं पूर्ण शिकायचं. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर केले, तिथेही मूल आणि पालक आधी निवड करतात. आपल्या प्रस्तावात निवड कुणाचीच नाही. निकाल लागेल तेव्हा चौतीस गुणांच्या मुलाला कळेल की आपला रस्ता बदलला, आणि पस्तीसच्या मुलाला कळेल की आपला नाही बदलला. दोघं कदाचित एकाच बाकावर बसत असतील.

परत परीक्षेला बसायची सोय आहे ना, असं कुणी म्हणेल. कागदावर आहे. पण ज्याच्या हातात पासाची गुणपत्रिका आली तो मुलगा जुलैमध्ये पुन्हा गणिताची वही उघडेल? बाप उघडू देईल? नापास झालेल्याला निदान घरचे ढकलतात. पास झालेल्याला द्राक्षबागेत नेतात. आणि तिथेही सुटका नाहीच. जीएचं, म्हणजे द्राक्षमणी फुगवायच्या जिबरेलिक ॲसिडचं, द्रावण दहा पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) करायचं म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम. हे गुणोत्तर चुकलं की घडावर उलटतं. युरोपात गेलेली द्राक्षं २०१० साली औषधाच्या अंशामुळे नाकारली गेली, ते आपल्या जिल्ह्यात अजून कुणी विसरलेलं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, पण ती बोर्डाने मनावर घ्यावी. गणिताचे लेखी पेपर दोन, चाळीस-चाळीसचे, आणि वीस गुण शाळेच्या हातात. विज्ञानात तेच वीस प्रात्यक्षिकाचे. शाळा हे गुण कसे देतात ते मास्तरांना, पालकांना आणि बोर्डालाही ठाऊक आहे. रेघ वीसवर आणायची असेल तर लेखी परीक्षेत किमान किती हवेत हे वेगळं आणि ठळक लिहा. नाहीतर पेपर न सोडवता पास होण्याची सोय आपणच करून ठेवू.

मग करायचं काय? माझ्या मते वीस-पस्तीसचा घोळ सोडून दुसरा पेपर आणा. कामाचं गणित म्हणा, व्यवहाराचं म्हणा, नावाशी मला घेणं नाही. दशांश, अपूर्णांक, शेकडेवारी, व्याज, गुणोत्तर, क्षेत्रफळ, घनफळ, आलेख वाचणं, थोडी टॅनपुरती त्रिकोणमिती. पास व्हायला पस्तीस नाही, पन्नास ठेवा, कारण यातलं अर्धं येऊन भागत नाही. निवड नववीच्या शेवटी, पालकांची सही घेऊन. हा पेपर घेतलेल्याला आयटीआयचे सगळे ट्रेड खुले, हे प्रशिक्षण महासंचालनालयाकडून आधी लिहून घ्या. ज्याला अकरावी विज्ञान किंवा डिप्लोमा हवा त्याने आत्ताचं गणित घ्यावं. आणि अठराव्या वर्षी कुणाला बुद्धी झालीच, तर मोठ्या गणिताचा एकटा पेपर देण्याची वाट ठेवावी. ग्रामीण शाळेत दोन गणितांना दोन शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. जिथे एकाच शिक्षकावर गणित, विज्ञान आणि शालेय पोषण आहाराची नोंदवही असते तिथे तर फारच खरा आहे. पण मग पैसा तिथे लागणार हे मान्य करा. शेरा फुकटात मारता येतो, म्हणून तो सुचला असावा अशी मला शंका आहे.

दहावीच्या वर्षी हे सगळं दुरुस्त होणार नाही, हेही मला कळतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा हातचा पाचवीलाच निसटलेला असायचा. त्यासाठी मी एक खेळ करायचो. आपल्या देवळालीच्या शाळेत मास्तर असलेल्या गणिती कापरेकरांचा ६१७४ नाशिककरांना सांगायला नको. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा आणि आलेल्या उत्तराचं परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. सात पायऱ्यांच्या आत ते येतंच. ज्याचं आलं नाही त्याचा हातचा चुकला, आणि तो शोधायला शिक्षक लागत नाही, शेजारचाच पोरगा शोधून देतो. वीस वर्षांचे बाप्ये मधल्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून, वजाबाक्या करत बसायचे. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली ते चांगलं झालं. तिथे राहिलेल्या मुलाला दोन महिने वेगळं बसवून नुसतं एवढं करून घेतलं तरी दहावीला रेघ कुठे आखायची यावर इतका खल करावा लागणार नाही.

राज्य मंडळाचं विभागीय कार्यालय नाशिकमध्येच आहे. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार चारही जिल्हे त्याच्याखाली येतात. निदान फिटरच्या प्रवेशाचा आणि लेखीच्या किमान गुणांचा, हे दोन खुलासे त्यांनी पुण्याहून मागवून आपल्या दैनिकात छापायला द्यावेत. मुख्याध्यापकांना ते आत्ता कळले तर नववीच्या पालकसभेत सांगता येतील.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
सिडको, नाशिक