शनिवारी काका-काकू खेळायला येतील

ती. आई-बाबा,
सा. न.

खेळ मागवून झालाय. तेव्हा आई, "कशाला उगाच" हे तू मनातल्या मनातच म्हण, आणि खोका आला की परत पाठवू नका. 'कटान' नावाचा पटावरचा खेळ आहे. शेजारच्या काका-काकूंशीही बोलून ठेवलंय, शनिवारी संध्याकाळी दोघं तुमच्याकडे येतील. तुम्हाला आधी विचारलं असतं तर बाबा "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले असते, आणि बाबांचा पुढचा महिना आपण सगळ्यांनीच पाहिलाय. शिवाय या खेळाला निदान तीन माणसं लागतात, चार असली तर उत्तम. तुम्ही दोघंच बसून भागणार नव्हतं.

तुम्ही एकटे पडलात असं मी म्हणत नाहीये हं. पण मी इथला मुक्काम वाढवल्यापासून फोनवर बाबांची बातमी एवढीच असते की एक सुडोकू संपलं, दुसरं काढलं. कानाचं यंत्र डबीत. का, तर "ऐकण्यासारखं आहे काय?" म्हणून मुद्दाम असा खेळ शोधला की ज्यात ऐकू आलं नाही तर माणूस हरतोच.

सगळ्यांनी मिळून जिंकायचे खेळही असतात. ते घेतले नाहीत, कारण त्यात बाबा चौघांच्या वतीने ठरवणार आणि आई "बरोबर आहे" म्हणणार. मोनोपॉलीचं तर नावच नको. दिवाळं निघालेला माणूस बाहेर बसून राहतो, आणि दादाने तेव्हा काय केलं होतं ते आठवतंय ना? कटानमध्ये शेवटपर्यंत कुणी बाद होत नाही.

बाबा, "कुणी काढलं हे?" असं विचारालच. क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन माणसाने, 1995 साली. कृत्रिम दात बनवायच्या धंद्यातला माणूस! त्याच वर्षी त्याला तिथला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कारही मिळाला.

पट म्हणजे 19 षटकोनी तुकड्यांचं बेट. लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज असा पाच प्रकारचा माल, तो पत्त्यांच्या रूपात हातात येतो. दोन फासे टाकायचे. जी बेरीज येईल त्या आकड्याच्या तुकड्याला लागून ज्याची वस्ती, त्याला तो माल मिळतो, मग फासे कुणीही टाकलेले असोत. म्हणजे दुसऱ्याच्या पाळीला डुलकी काढायची सोय नाही. मालातून रस्ते, वस्त्या, शहरं बांधायची. आपल्या पाळीला ज्याचे आधी 10 गुण होतील तो जिंकला. बाबा, 36 पैकी 6 वेळा 7 येतो, 6 आणि 8 प्रत्येकी 5 वेळा, आणि 2 किंवा 12 एकेकदाच. तुकड्यांवरच्या आकड्यांखाली तेवढे ठिपकेच छापलेत. तुम्ही वही काढणार हे मला ठाऊक आहे. काढा.

पण खरी मजा अदलाबदलीत आहे. एकट्याकडे हवं ते सगळं कधीच नसतं. बँक एका पत्त्याला एकसारखे चार पत्ते मागते, बंदर हाती असलं तर तीन किंवा दोन. त्यापेक्षा समोरच्याशी घासाघीस केलेली परवडते. ज्याची पाळी, सौदा त्याच्याशीच. बाकीच्यांनी आपापसात करायचा नाही. आणि कुणी आठ-नऊ गुणांवर पोचला की बाकीचे एकदम कंजूष होतात. काकू तर नक्कीच.

आई, एक नियम खास तुझ्यासाठी: फुकट द्यायला बंदी आहे. दिलं तर बदल्यात काहीतरी घ्यावंच लागतं. लहानपणी मी हरायला लागले की तू गुपचूप आपली सोंगटी मागे ठेवायचीस. मला कळायचं गं. म्हणून तर मी आणखी एक डाव मागायचे. इथे तसलं काही चालणार नाही.

सात पडला की दरोडेखोराची सोंगटी हलते. ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते, त्याने निम्मे टाकायचे. मग फासे टाकणाऱ्याने दरोडेखोर कुणाच्या तरी तुकड्यावर नेऊन बसवायचा आणि तिथे वस्ती असलेल्या एकाचा एक पत्ता न बघता ओढायचा. दरोडेखोर असेपर्यंत तो तुकडा काही पिकवत नाही. आई, तुला हे जड जाईल. तरी बाबांवर बसव. त्यांनाही चालेल, तोंडाने काहीही म्हणोत.

आता ऐका. पट जेवणाच्या टेबलावरच मांडायचा, जमिनीवर बसायचं नाही, आईचे गुडघे. आईला पाठीला टेका असलेली खुर्ची. डोक्यावरचा मोठा दिवा लावायचा, आणि बाबांनी वाचायचा चष्मा शोधण्यात पहिला अर्धा तास घालवायचा नाही. यंत्र कानात, डबीत नाही. नियमांच्या पुस्तकात नवशिक्यांसाठी ठरलेली मांडणी दिली आहे, पहिल्यांदा तीच घ्या. डाव साधारण दीड तासाचा, पण पहिला लांबेल. नऊ वाजले की गोळ्या आधी, मग पुढची पाळी. आणि बाबा, आईची वस्ती कुठे असावी हे आईच ठरवेल.

कंटाळा आला तर दोन डावांनंतर खोका माळ्यावर टाका, मी एका शब्दाने विचारणार नाही. दोन डाव मात्र खेळायचेच. रविवारी फोन करते. कुणी कुणाला कसं फसवलं ते दोघांनी वेगवेगळं सांगायचं, मला दोन्ही बाजू हव्यात.

तुमची,
धाकटी