मिनिकॉयच्या विहिरी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, "निळ्या पाण्याचे फोटो काढायला एवढ्या लांब कशाला?" असं तुम्ही फोनवर म्हणालात. निळ्या पाण्याला पर्यटक आहेत की! मी विहिरींचे फोटो काढतेय.

लक्षद्वीपचं हे सगळ्यात दक्षिणेचं बेट. ना नदी, ना ओढा. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. म्हणून विहिरी उथळच, काहींचं पाणी तर काठावरून वाकलं की दिसतं. पण उपसा जास्त झाला की खालून खारं वर येतं. आपल्याकडे पाणी लागेना की बोअर आणखी खाली न्यायचा. इथे खाली गेलात की बुडालातच. 2011 पासून समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा प्रकल्पही आहे, पण घरोघरच्या बायकांचा दिवस मला विहिरीपाशीच सापडतो. आई, 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या गाडीचे ढीगभर फोटो निघाले. तू मात्र रात्र रात्र टँकरची वाट बघत घागरी लावून बसायचीस, त्याचा एकही फोटो आपल्याकडे नाही.

इथले बरेच पुरुष व्यापारी जहाजांवर असतात, महिनोन्‌महिने. घर बायकांच्या हातात. त्यांना विचारल्याशिवाय मी कॅमेरा वर करत नाही. नको म्हणाल्या तर नुसती बसते, चहा मिळतो. टुना उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवतात. त्याला मासमीन म्हणतात. वाळल्यावर इतका टणक होतो की दगडावर आपटला तर खण्‌ वाजतो. आई, वासाचं विचारू नकोस, माळकरी घरात सांगण्यासारखं नाही.

जेवणाचं ठीक आहे. भाकरीची मात्र फार आठवण येते. दमट हवेने लेन्सला बुरशी धरते, म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद ठेवते. परतीचं कोचीचं जहाज मिळालं की कळवीन; तारखेचा भरवसा धरू नका.

बाबा, एक काम करा. आपल्या मळ्यातल्या विहिरीचा फोटो मोबाईलवर काढून पाठवा. उभा काढा, तळ दिसला पाहिजे. मी राहते त्या घरच्या आजींना दाखवायचाय. पाणी इतकं खाली असतं हे त्यांना पटतच नाही.

तुमची,
धाकटी