साहेब, मानेला दोन बोटं लावायला सांगा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा दादाच्या मानेला उजव्या बाजूलाही गाठ लागली. डावीकडची आठ महिन्यांपूर्वीच ऑपरेशन करून काढली होती. गाठीत सुई घालून पेशी काढून बघतात, त्या सुईच्या तपासणीला रुग्णालयाने पुढच्या महिन्याची २३ तारीख दिली. खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, कॅन्सरचा पेशंट आहे. त्या म्हणाल्या, "इथे सगळे कॅन्सरचेच आहेत." म्हणून आपल्याला तसदी देतोय.

दादा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. बावीस वर्षं पाठीवर गोणी आणि गालात तंबाखू-चुना. जिभेच्या कडेला चट्टा आला तेव्हा दाताच्या डॉक्टरने टोकदार दाढ घासून दिली. मग जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून आम्ही समजलो, ओझ्याने मान धरली असेल. दवाखान्यात तीनदा गेलो. दोनदा गोळ्या दिल्या, तिसऱ्यांदा 'टीबी असेल' म्हणाले. तोंडात बॅटरी मारून बघायला आणि मानेला दोन बोटं लावायला कुठलं परदेशी मशीन लागतं, साहेब?

जिभेचा कॅन्सर मानेतल्या ग्रंथींत उतरून गाठ झाली की वाचायची शक्यता जवळपास निम्मी होते, हे मला कुणा डॉक्टरने सांगितलं नाही. रेडिएशनच्या रांगेत शेजारी बसलेल्या एका बाईने सांगितलं. परळच्या टाटामधल्या डॉक्टरांनी तर २०१५ सालीच दाखवून दिलंय : आजार लहान असताना, गाठ हाताला लागायच्या आधीच ऑपरेशन करून मानेतल्या ग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी शंभरात ८० जिवंत, गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७-६८. आकडा एखाद्याने इकडेतिकडे असेल, आपल्या खात्याने दुरुस्त करावा. तेवढं तरी काम होईल.

दादाचा आजार तर लहान असताना कुणी बघितलाच नाही. ऑपरेशनमध्ये खांद्याची नस दुखावली. पन्नास किलोची गोणी उचलणारा माणूस आता शर्टाच्या बाहीत हात घालायला मला हाक मारतो. जीभ निम्मी गेलीय, त्यामुळे हाकही नीट कळत नाही. वहिनी पेज गाळून चमच्याने भरवते. निम्मी हनुवटीवरून ओघळते आणि तो आमच्याकडे बघत नाही.

निवडणुकीत एक नेते मार्केटात आले होते, 'प्रत्येक माथाडीच्या तोंडाची तपासणी करू' म्हणाले. बॅनर लागला, फाटला, त्याची ताडपत्री झाली. चला, कांदे तरी भिजले नाहीत.

गुटखाबंदी २०१२ सालची. टपरीवाला पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या वेगवेगळ्या देतो, मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. म्हणजे कायदाही खूश, कारखानाही खूश. आमचं शहर स्वच्छतेत नंबर काढतं, भिंतीवर फ्लेमिंगो रंगवतं. त्या फ्लेमिंगोंच्या पायाशी पिचकाऱ्या बघायला या कधी. कर घेताना सरकार एक असतं, केस पेपर काढताना मात्र पालिकेचं वेगळं, राज्याचं वेगळं, योजनेचं वेगळं. आम्ही झेरॉक्स घेऊन फिरतो.

मागणी एवढीच : दवाखान्यात आलेल्या प्रत्येक तंबाखू खाणाऱ्याचं तोंड आणि मान बघा. दोन-तीन आठवडे गाठ हटली नाही तर सुईची तपासणी त्याच आठवड्यात करा.

दादा रोज सकाळी आरशासमोर गाठ अंगठ्या-बोटात धरून बघतो. काल ती वाटाण्याएवढी होती. २३ तारखेला अजून एकोणतीस दिवस आहेत.

आपला,
एका माथाडीचा धाकटा भाऊ
कोपरखैरणे, नवी मुंबई