धातूच्या रेझरला जोर लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्लॅस्टिकचा कचरा कमी करण्याच्या सल्ल्यांमध्ये ‘वापरून फेकायचे रेझर सोडा, धातूचा सेफ्टी रेझर घ्या’ हे वाक्य हमखास असते. सल्ला बरोबर आहे, पण तो तिथेच संपतो. मग माणूस धातूचा रेझर आणतो, जुन्याच सवयीने गालावर दाबून ओढतो, गळ्यावर दोन-चार ठिकाणी रक्त काढतो आणि आठवड्याभरात पुन्हा प्लॅस्टिककडे वळतो. नवा रेझर कपाटात पडून राहतो, म्हणजे कचऱ्यात भरच. म्हणून हे पत्र फक्त पद्धतीबद्दल.

फेकायच्या रेझरमध्ये प्लॅस्टिक, पोलादी पाती आणि बऱ्याचदा रबर व बुळबुळीत पट्टीही एकमेकांत अशी घट्ट बसवलेली असतात, की पुनर्वापरासाठी ती वेगळी करायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. सेफ्टी रेझरमध्ये घालायचे दुधारी पाते म्हणजे नुसते पोलाद: सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ रुंद आणि ०.१ जाड, वजन एक ग्रॅमही नाही. किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत या रेझरचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले. (पाते बोथट झाले की फेकून द्यायचे, ही कल्पना रुजवली तीही त्यांच्याच रेझरने. तेव्हा हा मार्ग अगदीच सोवळा नाही.) खरा फायदा मापाचा आहे. दुधारी पात्याचे माप आता ठरून गेले आहे, त्यामुळे कोणत्याही कंपनीचे पाते कोणाच्याही दुधारी रेझरमध्ये बसते.

रेझर घेताना तीन सुट्या भागांचा घ्यावा: टोपी, खालची पट्टी आणि मूठ. फिरकी फिरवून दोन झडपा उघडणारे रेझर सोयीचे वाटतात, पण त्यांच्या सांध्यांत साबण अडकतो. पट्टीची कड सलग असावी. दातेरी कडेचा रेझर वाढलेल्या दाढीसाठी ठीक, नवशिक्यासाठी नाही. स्वस्त रेझर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. ते फरशीवर पडले किंवा जास्त आवळले की टोपीचा आटे असलेला दांडा मोडतो, आणि तो जोडता येत नाही. पितळ किंवा स्टेनलेस स्टील जन्मभर पुरते. जुना पितळी रेझर मिळाला तर त्याहून उत्तम. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रश एवढ्याने तो स्वच्छ होतो. व्हिनेगरमध्ये मात्र बुडवू नये, मुलामा जातो.

पाते बसवताना टोपी उलटी धरा, तिच्यावर पाते, पात्यावर पट्टी, मग मूठ फिरवा. शेवटचा पीळ देताना पात्याच्या धार नसलेल्या आखूड कडा चिमटीत धरा, नाहीतर पाते तिरके बसते. बसवून झाल्यावर वरून पाहा: दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर दिसली पाहिजे. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने ओरखडे येत असतील तर बहुतेक वेळा कारण हेच असते. एकाच प्रकारच्या पात्यांचा मोठा साठा सुरुवातीला करू नका. धार आणि तिच्यावरचा लेप कंपनीगणिक वेगळा असतो, आणि एकाला मानवणारे पाते दुसऱ्याच्या गालावर चरचरते.

आता पाणी. याबाबतीत घाई नडते. केस पाणी शोषून मऊ व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणून दाढी आंघोळीनंतर करावी किंवा ओला गरम टॉवेल तेवढा वेळ चेहऱ्यावर ठेवावा. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरी धार जाते. ती का जाते, हे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले: केस धारेवर तिरका आदळला की धारेचे सूक्ष्म कपचे उडतात. म्हणजे धार नुसती झिजत नाही, ती तुटते.

फेसासाठी डबाबंद फोम नको. डबा धातूचा असला तरी आत दाबाखाली भरलेला ज्वलनशील वायू असतो. दाढीच्या साबणाची वडी आणि ब्रश पुरेत. डुकराच्या किंवा बॅजरच्या केसांचा ब्रश एक-दोन मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा. उकळते पाणी नको, केस ठिसूळ होतात. कृत्रिम केसांचा ब्रश नुसता ओला केला तरी चालतो, पण तो शेवटी प्लॅस्टिकच, हे ध्यानात असू द्या. ब्रश झटकून साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवा, मग चेहऱ्यावर किंवा वाटीत घोळवत थेंब-थेंब पाणी घाला. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले, पुन्हा साबण घ्या. फेस कोरडा, चिकट होऊन चेहऱ्याला ओढ देत असेल तर पाणी कमी आहे. ब्रश उचलल्यावर फेसाचे टोक वाकून तसेच राहिले आणि वर चकाकी दिसली, की जमले. सगळे करूनही फेस क्षणात बसत असेल तर पाणी जड आहे. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून साका तयार करतात. अशा वेळी पाणी उकळून, निवळून घ्या. त्याने काही प्रमाणात जडपणा जातो. तरीही जमले नाही तर साबण दुप्पट घ्या.

आता मुख्य गोष्ट, कोन आणि दाब. रेझरचे वजन सहसा ७० ते १०० ग्रॅम असते आणि तेवढे वजन पुरते. मूठ खालच्या टोकाकडे, दोन-तीन बोटांत सैल धरा. वर डोक्याजवळ धरली की हात आपोआप दाबतो. टोपी गालावर टेकवा, मूठ चेहऱ्याशी काटकोनात ठेवा आणि हळूहळू खाली झुकवत न्या. पात्याचा त्वचेशी कोन साधारण ३० अंशांचा झाला की खुंट कापल्याचा बारीक खरखरीत आवाज येऊ लागतो. तो आवाज गेला की कोन बिघडला. हलक्या प्लॅस्टिकच्या रेझरला दाबावे लागते, इथे दाबले की त्वचेचा वरचा थर निघतो आणि आग होते. फटके दोन-तीन सेंटिमीटरचे मारा, मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरा आणि रेझर कधीही आडवा सरकू देऊ नका. खोल जखमा होतात त्या आडव्या सरकण्यानेच.

केस कोणत्या दिशेने वाढतात हे दाढी थोडी वाढलेली असताना बोट फिरवून पाहून ठेवा. गालावर ते बहुधा खाली वाढतात, गळ्यावर मात्र तिरके, कधी चक्क वर. पहिला हात सुलटा, म्हणजे केसांच्या दिशेने. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडव्या दिशेने. उलटा हात पहिले काही आठवडे मारूच नका. एकाच हातात सगळे खुंट काढायचा हट्ट बहुपात्यांच्या रेझरने लावलेला आहे. तिथे पहिले पाते केस ओढते, मागचे तो त्वचेच्या खाली कापते. कुरळे केस मग आतल्या आत वळून फोड आणतात. एका पात्यात हा त्रास सहसा कमी असतो. गळ्याच्या घाटीवर त्वचा बाजूला सरकवून तिथला भाग सपाट करा. पायांवरचे किंवा काखेतले केस काढणाऱ्यांसाठीही हेच नियम, फक्त गुडघा वाकवून घ्यावा आणि घोट्यावर फटके आणखी आखूड असावेत.

शेवटी थंड पाणी आणि ओली तुरटी. जिथे झोंबेल तिथे दाब जास्त पडला, असा सरळ हिशेब.

पाते टॉवेलने पुसू नका. मूठ पाव फेरा सैल करून वाहत्या पाण्याखाली धुवा, झटका आणि उघड्यावर वाळू द्या. ओल्या साबणाच्या डबीवर लगेच झाकण घालू नका. पाते साधारण पाच-सहा दाढ्यांनंतर, किंवा केस ओढल्यासारखे वाटताच, बदला. कचरा वाचवायचा म्हणून बोथट पात्यावर रेटणे चुकीचे, कारण पाते चालेना की माणूस दाबतोच. घरात उरलेले फेकायचे रेझर आधी संपवा, आजच टाकून देण्यात काही बचत नाही. वस्तऱ्यात कचरा जवळजवळ शून्य, पण दर वेळी चामड्याच्या पट्ट्यावर आणि अधूनमधून दगडावर धार लावणे आले. तो पुढचा टप्पा. प्रवासात एक अडचण: विमानात हातातल्या सामानात सुटी पाती नेता येत नाहीत, ती चेक-इनच्या बॅगेत ठेवावी लागतात.

वापरलेली पाती उघडी कचऱ्यात टाकू नका, कचरा हाताळणाऱ्याचा हात कापतो. पूर्वी अमेरिकेतल्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला फट ठेवून पाती भिंतीच्या पोकळीत टाकत. आजही जुनी भिंत फोडली की ढीग निघतो. त्यापेक्षा पत्र्याचा बंद डबा घ्या, झाकणाला पाते जाईल एवढी चीर पाडा आणि साठवत जा. भरायला वर्षे लागतात. भरला की चिरेवर चिकटपट्टी लावून, आत काय आहे ते सांगून भंगारात द्या. डबा पोलादी असेल तर पात्यांसकट वितळतो.

आपला,
एक वाचक